नवा लॅपटॉप घेताय? आधी ठरवा: विंडोज, मॅक, क्रोमबुक की लिनक्स

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नेहमीचा पाठिंबा थांबवला. त्या दिवशी कुणाचा लॅपटॉप बंद पडला नाही. पण सुरक्षेतल्या त्रुटी बुजवणारे अपडेट आपोआप यायचे थांबले आणि विंडोज ११ घालू पाहणाऱ्या अनेकांना 'हा संगणक पात्र नाही' एवढंच उत्तर मिळालं. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर तो साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा लागतो. त्यामुळे २०१७च्या आधीचे, अजून ठणठणीत चालणारे लॅपटॉप बहुतेक सगळे बाद झाले. घरगुती वापरकर्त्यांपैकी जे नोंदणी करतील त्यांना मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६पर्यंतची वाढीव मुदत दिली, तीही फक्त सुरक्षा-अपडेटपुरती.

त्यामुळे एरवी आणखी दोन-तीन वर्षं जुन्यावरच भागवलं असतं, असे बरेच जण आता नव्या लॅपटॉपच्या शोधात आहेत. त्यांचे प्रश्न ठरलेले असतात: आय ५ घेऊ की आय ७? रॅम ८ जीबी पुरेल की १६ हवी? प्रश्न रास्त आहेत, पण ते नंतरचे. रॅम कमी पडली तर लॅपटॉप मंद चालतो. प्लॅटफॉर्म चुकला तर काम मुळात होतच नाही.

प्लॅटफॉर्म म्हणजे नेमकं काय?

लॅपटॉपमध्ये एकावर एक असे थर असतात. सगळ्यात खाली प्रोसेसर, म्हणजे प्रत्यक्ष आकडेमोड करणारी चिप. त्यावर ऑपरेटिंग सिस्टीम: फाइली सांभाळणारं, पडदा-कीबोर्ड-वायफाय चालवणारं मूळ सॉफ्टवेअर. विंडोज, मॅकओएस, क्रोमओएस आणि लिनक्स या चार ऑपरेटिंग सिस्टीम. त्यांच्यावर आपण रोज उघडतो ते प्रोग्रॅम. आणि या सगळ्याला जोडलेलं एक खातं असतं, मायक्रोसॉफ्टचं, ॲपलचं किंवा गूगलचं. त्या खात्यात तुमचे फोटो, पासवर्ड आणि विकत घेतलेली सॉफ्टवेअर साठत जातात.

हे सगळे थर मिळून प्लॅटफॉर्म होतो. एका प्लॅटफॉर्मसाठी लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्यावर जसाच्या तसा चालत नाही. तोच प्रोग्रॅम कंपनीने दुसऱ्या प्लॅटफॉर्मसाठीही काढलेला असेल तरच तो मिळतो, आणि तेव्हाही दोन्हीकडे तो सारखाच असेल याची खात्री नसते. विंडोज बऱ्याच कंपन्यांच्या लॅपटॉपवर मिळतं. मॅकओएस फक्त ॲपलच्या यंत्रांवर. म्हणून मॅक निवडला की यंत्र बनवणारी कंपनीही निवडून झाली.

चिपची भानगड

दहा वर्षांपूर्वी हा भाग लिहायची गरज पडली नसती. तेव्हा जवळपास सगळ्या लॅपटॉपांत, अगदी ॲपलच्याही, इंटेल किंवा एएमडीचे एकाच घराण्याचे प्रोसेसर होते. १९७८च्या इंटेल ८०८६ चिपपासून चालत आलेल्या या घराण्याला एक्स८६ म्हणतात. दुसरं घराणं एआरएम. मोबाइल फोनमधल्या चिप या घराण्यातल्या, आणि कमी विजेत जास्त काम ही त्यांची खासियत. २०२०च्या नोव्हेंबरमध्ये ॲपलने एम १ ही स्वतःची एआरएम चिप मॅकमध्ये आणली आणि पंख्याविना, दिवसभर बॅटरीवर चालणारा वेगवान लॅपटॉप लोकांच्या हातात आला. २०२४च्या मध्यापासून विंडोजचे लॅपटॉपही क्वालकॉमच्या स्नॅपड्रॅगन एक्स या एआरएम चिपसह मोठ्या प्रमाणावर मिळू लागले.

पेच असा की एक्स८६साठी बनलेला प्रोग्रॅम एआरएमला थेट समजत नाही. मध्ये दुभाषा बसवावा लागतो. ॲपलच्या दुभाष्याचं नाव रोझेटा २, मायक्रोसॉफ्टच्या दुभाष्याचं प्रिझम. दोघेही चांगले आहेत. रोजच्या वापरातले बहुतेक जुने प्रोग्रॅम त्यांच्या मदतीने चालतात, फार तर थोडे हळू.

पण विंडोजच्या बाबतीत हा दुभाषा एका ठिकाणी उपयोगी पडत नाही. प्रिंटर, स्कॅनर, जुनं साउंडकार्ड, प्रयोगशाळेतलं एखादं उपकरण अशा बाहेरून जोडायच्या वस्तूंना ओळखण्यासाठी ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात एक छोटा प्रोग्रॅम बसतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. एआरएम विंडोजवर ड्रायव्हर एआरएमसाठीच बनलेला असावा लागतो, तिथे प्रिझम मदत करत नाही. नवे प्रिंटर विंडोजच्या सर्वसाधारण ड्रायव्हरवर निघून जातात. अडकतं ते दहा-बारा वर्षांपूर्वीचं, बनवणाऱ्या कंपनीने केव्हाच विसरून टाकलेलं उपकरण. काही व्हीपीएन, काही अँटिव्हायरस आणि फसवणूक पकडणारी यंत्रणा असलेले ऑनलाइन गेमही याच कारणाने अडतात.

पातळ, चकचकीत आणि बॅटरी भरपूर टिकणारा विंडोज लॅपटॉप समोर आला की त्याच्या 'सेटिंग्ज'मध्ये जाऊन 'सिस्टीम' आणि मग 'अबाउट' उघडा. 'सिस्टीम टाइप'पुढे एक्स६४ लिहिलेलं असेल तर ते जुनं, ओळखीचं घराणं. एआरएम लिहिलेलं असेल तर आपल्या उपकरणांची नावं घेऊन त्यांच्या कंपन्यांच्या संकेतस्थळांवर एआरएम विंडोजचा ड्रायव्हर आहे का ते पाहा, आणि मगच पुढे जा. बरेचसे विक्रेते हा फरक आपणहून सांगत नाहीत. माझ्या मते तो खोक्यावर ठळक अक्षरांत छापला गेला पाहिजे.

यंत्राच्या नव्हे, कामाच्या यादीपासून सुरुवात

एका कागदावर गेल्या वर्षभरात वापरलेले सगळे प्रोग्रॅम लिहा. रोजचे तर लिहाच, पण वर्षातून एकदा लागणारेही लिहा, कारण घात तेच करतात. मग प्रत्येकापुढे लिहा: याच्याशिवाय चालेल का? याला दुसरा पर्याय आहे का? 'नाही' आणि 'नाही' अशी उत्तरं आलेले प्रोग्रॅम बहुधा एक-दोनच निघतात. प्लॅटफॉर्म तेच ठरवतात.

इमारतींचे आराखडे करणाऱ्यांचं रेव्हिट, यंत्रभागांची रचना करणाऱ्यांचं सॉलिडवर्क्स, त्रिमितीय कामाचं थ्रीडीएस मॅक्स ही फक्त विंडोजवर चालतात. ऑटोकॅड मॅकवर मिळतं, पण विंडोजच्या आवृत्तीतल्या सगळ्या सोयी त्यात नाहीत. उलट फायनल कट प्रो आणि लॉजिक प्रो फक्त ॲपलकडे. आयफोनसाठी ॲप बनवायचं तर एक्सकोड लागतं, तेही मॅकवरच. मशीन लर्निंगचं शिक्षण घेणाऱ्याला ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाच्या कुडा या साधनाची गरज पडू शकते. ते आजच्या मॅकवर चालत नाही, विंडोज किंवा लिनक्स लागतं.

सगळ्यात जास्त गल्लत होते ती एक्सेलमध्ये. 'मॅकवरही एक्सेल आहे' हे खरं. साधी सूत्रं, तक्ते, आलेख यांत फरक जाणवत नाही. पण कार्यालयात कुणीतरी वर्षांपूर्वी बनवून ठेवलेली, बटणं आणि मॅक्रो (ठरलेली कामं आपोआप करणारे छोटे प्रोग्रॅम) असलेली एखादी फाइल असते. मॅकवर ती फाइल उघडते, आकडे दिसतात, सगळं ठीक वाटतं. बटण दाबलं की काहीच होत नाही किंवा चुकीचा संदेश येतो. कारण ती बटणं बहुधा ॲक्टिव्हएक्स नावाच्या तंत्रावर बनलेली असतात आणि ते मॅकवर चालत नाही. मोठ्या माहितीचं विश्लेषण करणारं पॉवर पिव्होटही मॅकच्या एक्सेलमध्ये नाही, आणि ॲक्सेस हा डेटाबेसचा प्रोग्रॅम तर मॅकसाठी निघालेलाच नाही. म्हणून नुसतं 'एक्सेल चालतं का' असं विचारू नका. तुमची सर्वांत गुंतागुंतीची फाइल पेन ड्राइव्हवर घ्या आणि ओळखीच्या कुणाच्या तरी मॅकवर उघडून तिच्यातलं प्रत्येक बटण दाबून बघा.

'मॅकमध्येच विंडोज घालून घेऊ' असं इथे हमखास सुचवलं जातं. इंटेलच्या मॅकवर ते बूट कॅम्पने थेट जमायचं. ॲपलच्या स्वतःच्या चिप असलेल्या मॅकवर बूट कॅम्प नाही. पॅरलल्ससारखं सॉफ्टवेअर घेऊन मॅकच्या आत एका खिडकीत विंडोज ११ चालवता येतं आणि मायक्रोसॉफ्टची त्याला मान्यताही आहे. पण ते एआरएम विंडोज असतं. म्हणजे वर सांगितलेली ड्रायव्हरची अडचण तिथेही आहेच, शिवाय रॅम दोन सिस्टीमांत वाटली जाते. महिन्यातून एकदा लागणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमसाठी हा मार्ग छान आहे. दिवसाचे आठ तास विंडोजच लागणार असेल तर विंडोजचाच लॅपटॉप घ्यावा.

'माझं तर सगळं ब्राउझरमध्येच होतं'

असं ज्यांना वाटतं त्यांनी दोन-तीन दिवस ब्राउझर सोडून काहीही न उघडता काम करून बघावं. खरोखर कुठे अडलं नाही, तर क्रोमबुकचा विचार जरूर करा. २०११मध्ये बाजारात आलेला हा प्रकार गूगलच्या क्रोमओएसवर चालतो. तो झटकन सुरू होतो, अपडेट पार्श्वभूमीवर होत राहतात, बिघडलं तर सगळं पुसून पुन्हा सुरू करणं काही मिनिटांचं काम. बहुतेक क्रोमबुकांवर अँड्रॉइडची ॲपही चालतात. शाळकरी मुलं आणि फक्त मेल, व्हिडिओ कॉल, बातम्या एवढंच पाहणारी वडीलधारी माणसं यांच्यासाठी मला हा सगळ्यात निर्धोक पर्याय वाटतो.

दोन गोष्टी मात्र आधी माहीत हव्यात. इंटरनेट गेलं की लिहिणं थांबू नये यासाठी गूगल डॉक्समध्ये 'ऑफलाइन'ची सोय इंटरनेट असतानाच चालू करून ठेवावी लागते. गेल्यावर ती सुरू करता येत नाही. आणि दुसरी, जास्त महत्त्वाची: गूगल क्रोमबुकला दहा वर्षं अपडेट देतं, पण ती दहा वर्षं तुमच्या खरेदीच्या तारखेपासून मोजत नाहीत. ज्या हार्डवेअरवर ते मॉडेल बनलं, ते हार्डवेअर बाजारात आलं तेव्हापासून मोजतात. स्वस्तात मिळणाऱ्या क्रोमबुकची निम्मी मुदत आधीच सरलेली असू शकते. ही शेवटची तारीख प्रत्येक मॉडेलसाठी गूगलने जाहीर केलेली असते. ती पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

लिनक्स फक्त तज्ज्ञांसाठी असतं का?

पूर्वी बऱ्याच अंशी होतं, आता नाही. १९९१मध्ये लिनस टोरवाल्ड्सने सुरू केलेल्या लिनक्सवर आधारलेल्या उबंटू, लिनक्स मिंट यांसारख्या सिस्टीम मोफत मिळतात आणि विंडोजची सवय असलेल्याला मिंट फारसं परकं वाटत नाही. उबंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला पाच वर्षं अपडेट मिळतात. अडचण प्रोग्रॅमची आहे: मायक्रोसॉफ्ट ऑफिस आणि ॲडोबी फोटोशॉप लिनक्ससाठी निघत नाहीत. लिबरऑफिस, गिंप हे पर्याय आहेत आणि चांगले आहेत, पण दुसऱ्याने पाठवलेली फाइल हुबेहूब तशीच दिसायला हवी असेल तर कटकट होते.

लिनक्सची एक सोय मात्र फार कामाची आहे. पेन ड्राइव्हवर लिनक्स टाकून लॅपटॉप त्यावरूनच सुरू करता येतो. आतल्या डिस्कला हात न लावता सगळं चालवून बघता येतं. वायफाय लागतं का, आवाज येतो का, झाकण मिटून उघडल्यावर लॅपटॉप जागा होतो का, बोटांचा ठसा ओळखणारं बटण चालतं का, एवढं तपासलं की निर्णय सोपा. विंडोज ११ नाकारल्या गेलेल्या जुन्या लॅपटॉपवर हा प्रयोग करून बघाच. कित्येकांना नव्या खरेदीची गरजच उरणार नाही.

'मॅकला व्हायरस लागत नाही ना?'

लागतो. २०१२मध्ये फ्लॅशबॅक नावाच्या घातक प्रोग्रॅमने सहा लाखांच्या आसपास मॅक ग्रासले होते. तो जावा या सॉफ्टवेअरमधल्या त्रुटीतून शिरला. ओरॅकलने ती त्रुटी फेब्रुवारीत दुरुस्त केली होती, पण मॅकवरच्या जावाची दुरुस्ती ॲपलकडून एप्रिलमध्ये आली. तेवढ्या फटीत नुकसान झालं. विंडोजचंही तेच. मे २०१७मध्ये वॉनाक्राय नावाच्या घातक प्रोग्रॅमने जगभरचे संगणक, रुग्णालयांतलेसुद्धा, कुलूपबंद करून खंडणी मागितली. ज्या त्रुटीतून तो घुसला तिच्यावरचा उपाय मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. ज्यांनी अपडेट घेतलं ते वाचले.

विंडोज अधिक वापरात असल्यामुळे तिच्यावर हल्लेही अधिक होतात, हे खरं. पण आज सर्वसामान्य माणूस फसतो तो बहुतेक वेळा खोटी लिंक दाबून किंवा पासवर्ड देऊन, आणि त्यात कुठलाही प्लॅटफॉर्म त्याला पूर्ण वाचवू शकत नाही. म्हणून सुरक्षेच्या दृष्टीने विचारायचा प्रश्न एकच: या यंत्राला अपडेट कधीपर्यंत मिळणार?

या प्रश्नाचं उत्तर वापरलेला मॅक घेणाऱ्यांनी नीट समजून घ्यावं. इंटेल चिपचे मॅक स्वस्तात मिळतात आणि देखणे दिसतात. पण मॅकओएस टाहो, म्हणजे २६ क्रमांकाची आवृत्ती, ही इंटेल मॅकवर चालणारी शेवटची आवृत्ती असेल असं ॲपलने जून २०२५मध्ये जाहीर केलं. त्यापुढे काही काळ सुरक्षा-अपडेट येतील आणि मग तेही थांबतील. वापरलेलाच घ्यायचा तर एम १ किंवा त्यापुढचा. 'अबाउट धिस मॅक' उघडल्यावर 'चिप' असा शब्द आणि पुढे ॲपलचं नाव दिसलं पाहिजे; 'प्रोसेसर' आणि इंटेल दिसलं तर सोडून द्या. आणखी एक बारकावा: एम १ आणि एम २च्या मॅकबुक एअरला ॲपलच्या हिशेबाने बाहेरचा एकच मॉनिटर जोडता येतो. दोन मॉनिटरवर काम करणाऱ्याला हे घरी आणल्यावर कळणं फार त्रासाचं.

'एआय लॅपटॉप'चं काय?

जाहिरातींत सध्या हाच शब्द आहे. मायक्रोसॉफ्टने मे २०२४मध्ये 'कोपायलट प्लस पीसी' असं नाव दिलं आणि अट घातली: किमान १६ जीबी रॅम, २५६ जीबी साठवण आणि सेकंदाला किमान ४० लाख कोटी क्रिया करणारा एनपीयू, म्हणजे एआयच्या आकडेमोडीसाठीचा वेगळा भाग. हा भाग असणं वाईट नाही. पण आपण ब्राउझरमध्ये किंवा ॲपमध्ये ज्या एआय चॅटबॉटशी बोलतो त्यांचं काम दूरच्या सर्व्हरवर होतं, तुमच्या एनपीयूवर नाही. सहा वर्षं जुन्या लॅपटॉपवरही ते तसेच चालतात. निव्वळ त्या नावाच्या स्टिकरसाठी जास्त पैसे मोजू नका. या अटीचा फायदा एवढा झाला की १६ जीबी रॅम सर्रास मिळू लागली. पातळ लॅपटॉपांत, आणि सगळ्याच नव्या मॅकबुकांत, रॅम नंतर वाढवता येत नाही. म्हणून १६ जीबी पहिल्याच दिवशी घ्यावी.

बाहेर पडायची वाट

घेताना कुणी याचा विचार करत नाही, पण पाच-सहा वर्षांनी प्लॅटफॉर्म बदलावासा वाटला तर तुमचा ऐवज बरोबर नेता येईल का? दस्तऐवज सर्वत्र उघडतील अशा स्वरूपात ठेवा. पासवर्ड कुठल्याही प्लॅटफॉर्मवर चालणाऱ्या पासवर्ड मॅनेजरमध्ये ठेवणं चांगलं. बाहेरची हार्ड डिस्क विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीने तयार केलेली असेल तर मॅक तिच्यातलं वाचतो, पण तिच्यावर लिहीत नाही. तीच एक्सफॅट पद्धतीने तयार केली तर दोन्हीकडे चालते. मात्र पद्धत बदलताना डिस्क पूर्ण पुसली जाते, त्यामुळे हे रिकाम्या डिस्कवरच करा.

आणि एक गोष्ट विंडोज ११ घेणाऱ्या प्रत्येकाने पहिल्याच आठवड्यात करावी. नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केला की डिस्क बहुधा आपोआप कूटबद्ध होते. लॅपटॉप चोरीला गेला तर माहिती वाचते, म्हणून हे चांगलंच आहे. पण एखाद्या अपडेटनंतर किंवा दुरुस्तीनंतर सकाळी लॅपटॉप उघडावा तर निळा पडदा येतो आणि ४८ अंकी 'बिटलॉकर की', म्हणजे कूटबद्ध डिस्क उघडणारी किल्ली, मागतो. ही किल्ली त्या मायक्रोसॉफ्ट खात्यात ठेवलेली असते. लॅपटॉप सुरू करून देणाऱ्याने घाईत स्वतःचं किंवा एखादं तात्पुरतं खातं वापरलं असेल आणि त्याचा पासवर्ड कुणालाच आठवत नसेल, तर वर्षांचे फोटो डिस्कवर असूनही परत मिळत नाहीत. लॅपटॉप स्वतःच्या खात्याने सुरू करा, ती किल्ली शोधून कागदावर लिहून ठेवा आणि तो कागद लॅपटॉपच्या पिशवीत ठेवू नका.

'मग शेवटी घेऊ कोणता?'

यादीत विंडोजशिवाय न चालणारा प्रोग्रॅम असेल, जुनी उपकरणं जोडायची असतील किंवा बरेच गेम खेळायचे असतील, तर एक्स८६ चिपचा विंडोज लॅपटॉप. यादी कोरी असेल, लिहिणं-वाचणं, फोटो-व्हिडिओ, प्रोग्रॅमिंग यांत दिवस जात असेल आणि खर्च झेपत असेल, तर बॅटरी आणि टिकाऊपणा यांसाठी मॅकबुक एअरचं नाव मी पहिलं घेईन. हातात आयफोन असेल तर फाइली, संदेश, फोटो दोन्हीकडे सहज फिरतात. अँड्रॉइड फोन असेल तर विंडोजच्या 'फोन लिंक'ने त्यातलं बरंचसं जमतं, त्यामुळे एवढ्याच कारणाने मॅककडे वळायची गरज नाही.

दोन पर्याय तुल्यबळ वाटले तर आपल्या आसपास कुणाला काय येतं ते पाहा. स्क्रीनवर अनोळखी चौकट आली की तुम्ही ज्याला फोन लावणार, तो मुलगा, पुतणी किंवा सहकारी जो प्लॅटफॉर्म रोज वापरतो, तो तुमच्यासाठी सोपा. हे विशेषतः आई-वडिलांसाठी लॅपटॉप घेणाऱ्यांनी लक्षात घ्यावं. त्यांच्यासाठी तुमच्याच प्लॅटफॉर्मचा लॅपटॉप घ्या, म्हणजे फोनवर 'डावीकडे खाली काय दिसतंय?' असं विचारताना तुमच्यासमोरही तोच पडदा उघडा असेल.